उभारी मोजता येते का?

एका भाषेतली गोष्ट दुसऱ्या भाषेत आणली, शब्द नीट बसले, की भाषांतर संपलं असं आपण मानतो. प्रश्नावलीचं मात्र तसं नसतं म्हणे! माझी नात मानसशास्त्र शिकते. तिने समजावून सांगितलं तेव्हा कळलं की भाषांतरानंतरच खरी परीक्षा सुरू होते, आणि ती प्रश्नावलीची असते.

गेल वॅग्निल्ड आणि हेदर यंग या अमेरिकेतल्या दोघी संशोधक. मोठा आघात पचवून पुन्हा उभ्या राहिलेल्या २४ वयस्क स्त्रियांशी झालेल्या बोलण्यातून त्यांनी २५ विधानं तयार केली. १९९३ साली ती प्रसिद्ध झाली. प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडतं ते पाहून १ ते ७ गुण द्यायचे, आणि शेवटी बेरीज.

हीच विधानं जर्मनमध्ये नेऊन यॉर्ग शूमाखर आणि सहकाऱ्यांनी दोन हजारांहून अधिक जर्मन लोकांवर तपासली. निष्कर्ष २००५ साली छापले. उत्तरं एकमेकांशी छान जुळली. पण मूळ प्रश्नावलीत विधानांचे दोन गट होते, एक स्वतःच्या कर्तबगारीचा आणि दुसरा आयुष्य आहे तसं स्वीकारण्याचा. जर्मन उत्तरांत ते तसे वेगळे निघेनात. मग त्यांनी सगळी मिळून एकच बेरीज धरली आणि ११ विधानांची छोटी प्रश्नावलीही केली.

मला हा प्रामाणिकपणा आवडला. वर्गातली हुशार मुलंच एखाद्या प्रश्नात अडकली, तर मी मुलांआधी प्रश्न तपासत असे. तसंच हे.

पण एका विधानापाशी मी थांबले. इतर कुणाहीपेक्षा मी स्वतःवर जास्त विसंबू शकते, अशा अर्थाचं ते आहे. हे गेले तेव्हा तेरा दिवस आमच्या घरात चूल पेटली नाही, आणि तरी कुणी उपाशी राहिलं नाही. समोरच्या वहिनी सकाळचा चहा घेऊन यायच्या आणि मी कप रिकामा करेपर्यंत उठायच्या नाहीत. त्या काळात मी स्वतःवर विसंबले असते तर अंथरुणातून उठलेच नसते. म्हणजे इथे माझे गुण कमी! मग मी सावरले नाही का?

मराठीची शिक्षिका असल्यामुळे मन शब्दांकडे गेलं. इंग्रजीतला 'रेझिलियन्स' लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी उसळून परत येणं आहे. त्याच्यासाठी जर्मन लोक जो जुना शब्द वापरतात, त्यात प्रतिकाराची क्षमता आहे. दोन्ही ज्याचं त्यानेच करायचं. आपण म्हणतो 'उभारी'. ती धरता येते, तशी देताही येते. वहिनींनी दिली, मी धरली. यातले किती गुण माझे आणि किती त्यांचे?

प्रश्नावली वाईट आहे असं मुळीच नाही. हसण्याजोगं काही सापडतं का, याचीही ती दखल घेते, आणि तिथे मी पैकीच्या पैकी घेईन! पण ती मराठीत तपासताना या एका विधानापाशी जरा जास्त वेळ थांबावं, एवढंच वाटतं.

असो. तुम्ही या विधानाला सातांपैकी किती गुण द्याल? आणि देताना कुणाचा चेहरा आठवेल?