धारवाडची काळी माती आणि डबाभर धातू

धारवाडकडच्या माझ्या एका स्नेह्यांचा भाचा परदेशातून येताना मेटल डिटेक्टर घेऊन आला. हरभरा निघून गेलेला, शेत मोकळं. आठ दिवस मामा-भाचे ते यंत्र कानाला लावून फिरले आणि जे जे वाजलं ते ते त्यांनी उकरून काढलं. मग फोटो आले आणि पाठोपाठ फोन. "अहो, तुम्ही गोव्यात बसून इतिहासावर एवढं लिहिता. यात टिपूचं काय आहे तेवढं सांगा!"

धारवाडात पुरलेलं काहीही सापडलं की ते टिपूचंच असायला हवं, हा तिथला लाडका समज. मी काही पुराणवस्तू-तज्ज्ञ नव्हे. पण फोटो पाहताना एक गोष्ट लगेच दिसली. त्यातला निम्मा ऐवज शेतकऱ्याच्या घरचाच होता. झिजलेला फाळ, कुळवाची तुटलेली पास, गाडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा. एक चंद्रकोरीसारखी पत्री होती, तिला भोकं होती. हिच्याबद्दल भाच्याची खात्री होती की हा कसला तरी दागिना. ती होती बैलाची नाल! घोड्याचा खूर अखंड म्हणून त्याची नाल एक. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याला दोन अर्ध्या पत्र्या लागतात. लोखंडाचं एक आहे, गंजलं की ते फुगतं, पापुद्रे सुटतात आणि कालची वस्तूही तीनशे वर्षांची दिसू लागते. गंजावरून वय ठरवायला जाऊ नये.

शिशाच्या गोळ्यांचं मात्र तसं नाही. शिसं मातीत राहिलं की त्यावर मळकट पांढरा थर चढतो, आणि हातात घेतलं की आकाराच्या मानाने ते जडच लागतं. साच्याची शिवण शाबूत असेल आणि गोळी गोल असेल तर बहुधा ती उडालीच नाही, कुणाच्या तरी पिशवीतून पडली. चेपलेली असेल तर ती कशावर तरी आदळली. कंपनीच्या शिपायाच्या बंदुकीची नळी पाऊण इंचाची, गोळी त्याहून किंचित लहान, वजन तीस ग्रॅमच्या आसपास. तोड्याच्या देशी बंदुकांना मात्र असं एक माप नव्हतं.

या गोळ्या धारवाडात सापडायला कारणही मोठं आहे. १७९० च्या पावसाळ्यानंतर परशुरामभाऊ पटवर्धनांनी इथल्या किल्ल्याला वेढा घातला. आत टिपूचा सरदार बदरुझमान खान, बाहेर मराठे आणि त्यांच्या मदतीला कॅप्टन लिटलची इंग्रज तुकडी. किल्ला हाती आला तो एप्रिल १७९१ मध्ये. या तुकडीतल्या एडवर्ड मूरने १७९४ मध्ये तिच्या मोहिमांची हकीगत छापली, त्यात मराठी तोफखान्याची बरीच थट्टा आहे. तोफ भरायची, मग अर्धा तास गप्पा आणि धूम्रपान, मग एक बार. दुपारी जेवणासाठी दोन्ही बाजूंची सुट्टी. (आपल्याकडच्या दुपारच्या झोपेला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.)

फोटोत लोखंडी नळीचाही एक तुकडा होता, आणि अशा नळ्यांनी भल्याभल्यांना चकवलं आहे. शिमोगा जिल्ह्यातल्या नगर या गावी २००२ मध्ये एका जुन्या विहिरीत अशा नळ्या निघाल्या, तेव्हा त्यांना तोफेचे गोळे समजलं गेलं. हे टिपूच्या सैन्याचे अग्निबाण आहेत, हे ओळखायला काही वर्षं जावी लागली. मग २०१८ च्या जुलैमध्ये तिथल्याच विहिरीतून हजाराहून अधिक बाण बाहेर आले. मातीला दारूचा वास येत होता म्हणून तिथं खणलं गेलं. स्नेह्यांची नळी मात्र दोन्ही टोकांना उघडी होती आणि तिला आटे होते. बाणाला आटे नसतात, पंपाला असतात.

उरलं एक हिरवं नाणं. टिपूच्या पैशावर हत्ती असतो आणि मागे टाकसाळीचं फारसी नाव. धारवाडलाही त्याची टाकसाळ होती. नाण्यांवर तिचं नाव येतं खुर्शीद सवाद. या नाण्यावर हत्ती होता की शिवराईची अक्षरं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. वहिनींनी ते देवाच्या तांब्यासारखं चिंच लावून लखलखीत घासलं होतं! हिरव्या थरात जे काय उरलं होतं ते मोरीतून वाहून गेलं.

पण मला खरी हळहळ वाटली ती त्या गोळ्यांची. पाच गोळ्या पाच जागी निघाल्या आणि पाचही एका स्टीलच्या डब्यात गेल्या. कुठली बांधालगतची, कुठली विहिरीकडची, आता आठवत नाही. पाचही एका रेषेत असत्या, तर कदाचित कुणी कुठे उभं राहून कुठल्या दिशेला गोळी झाडली ते दिसलं असतं. आता ते नुसतं शिसं आहे. त्यात धारवाडची काळी माती आधीच लबाड. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची वस्तू आत पडते, पावसात भेग मिटते. त्यामुळे खोलीवर इथे फारसा भरवसा ठेवता येत नाही. उरते ती जागा, आणि तीच नोंदायची राहते. इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ पासून हौशी लोकांना सापडलेल्या वस्तू जागेसकट नोंदवून घेण्याची योजना आहे, दहा लाखांहून अधिक वस्तू त्यात नोंदल्या गेल्या. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, लपवलं तर तुरुंगही. कर्नाटकाने १९६२ मध्ये स्वतःचा कायदा केला. पण 'सरकार शेत घेईल' ही भीती कायद्यापेक्षा जुनी आहे, आणि तिच्यापायी सापडलेलं गुपचूप सोनाराकडे नाही तर भंगारवाल्याकडे जातं.

यात आपल्या गोव्याचं काय जातं? पुष्कळ जातं. ज्या कदंबांच्या नावाच्या बसमधून आपण रोज पणजीला जातो, त्यांचं राज्य घाटावर या भागापर्यंत पसरलेलं होतं. धारवाडच्या वेशीवर म्हणावं अशा नरेंद्र गावात दुसऱ्या जयकेशीच्या काळचे शिलालेख आहेत, ११२५ च्या सुमाराचे. या घराण्याच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह असतो आणि नागरीत आपल्या सप्तकोटीश्वराचं नाव. असं नाणं उद्या तिथल्या कुठल्या शेतात निघालं, तर सोनाराच्या लेखी ते चारेक ग्रॅम सोनं. फार तर कडी लावून पुतळ्यांच्या माळेत जाईल.

तांब्याचं तर त्याहून कठीण. यंत्राला घंगाळ आणि ताम्रपट सारखेच ऐकू येतात. खानापूरजवळच्या हलशीला एकोणिसाव्या शतकात जुन्या कदंबांचे, म्हणजे गोव्याच्या शाखेच्या पाच-सहाशे वर्षं आधीचे, ताम्रपट सापडले. कड्यात ओवलेले पत्रे, वर मुद्रा. कुणीतरी ते मोडीत घातले नाहीत. फ्लीटने ते छापले तेव्हा जागाही लिहून ठेवली, चक्रतीर्थ नावाच्या लहानशा विहिरीजवळचा मातीचा ढीग. त्यातल्या एका पटात काकुस्थवर्मा, आपला जीव वाचवणाऱ्या श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीला एक शेत देतो आहे.