पाटे, हवा, वाट

८ जून
बाबांची जिप्सी गॅरेजमधून आली. पाटे उतरवून घासले, नवे बुश. दादा म्हणतो, चार इंच उचल, तेहतिशी टायर घाल. नोव्हेंबरात पंधरा वर्षं भरतात. पासिंगची धास्ती.

९ जून
लिफ्ट किटने चेसिस वर जाते. डिफ जागच्या जागी. ते फक्त मोठ्या टायरने वर येतं. आणि मोठा टायर फिरवायला हे १.३ लिटरचं इंजिन? आत गिअर बदलावे लागतील, ब्रेक कमी पडतील, स्पीडोमीटर खोटं बोलेल. दादाला कागदावर काढून दाखवलं. पटलेलं दिसत नाही.

२९ जून, वेल्हे
रात्रभर पाऊस. खाचरांच्या कडेने बैलगाडीची वाट. दादाची थार पुढे, टायर २५५ रुंदीचे. चिखलावर तरंगत राहिले, खाचा भरून गुळगुळीत झाले, गाडी आडवी सरकली. जिप्सी सेकंडला, फोर-लो, पाय एकसारखा. अरुंद टायर चिखल कापत खालच्या मुरमाला लागले. गेली! मग थार ओढली. बांधावरचे काका ओरडले, "ताई, खाली रोप हाय, वाट सोडू नका." नाही सोडली. चाक घसरतंय म्हणून शेतात घालणाऱ्यांची मला चीड आहे.

३० जून
खांदे भरून आलेत.

१७ ऑगस्ट
सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल वाचला. कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार केलेल्या गाडीची नोंदणी होऊ शकत नाही. दादाला पाठवला. उत्तर नाही.

१९ ऑक्टोबर, भोरकडे
ओढ्याचं कोरडं पात्र, काळे धोंडे. जिप्सीची कर्णातली दोन चाकं उचलली गेली. हवेतली गरगर फिरतात, जमिनीवरची ढिम्म. उघडं डिफ असंच करतं, जिकडे अडसर नाही तिकडचंच चाक फिरवतं. उंची वाढवून काय होणार होतं इथे? थारचं मागचं डिफ लॉक झालं आणि तीच जागा ती सावकाश चढून गेली. दादाने पट्टा टाकला. एक शब्द बोलला नाही. आज त्याचा मान.

मैत्रिणीची पाच दारांची जिम्नी एका उंचवट्यावर पोटावर टेकली. व्हीलबेस २५९० मिमी. तीन दारांच्या जिम्नीचा २२५०. पोटाची उंची दोघींची २१०. गाडी लांब झाली की मधला भाग आधी लागतो. पण तिचा मागचा ओव्हरहँग इतका आखूड की उतारावर शेपूट कुठेही घासलं नाही. दगड रचून बाहेर काढली.

२० ऑक्टोबर
रात्री झोप नाही. पैसे घालायचेच तर मागच्या लॉकरमध्ये. उंचीत नाही. घाटातल्या तिरक्या वाटेवर उंच गाडी कलते तेव्हा पोटात गोळा येतो, तो कुठल्याही किटने जात नाही.

२१ नोव्हेंबर
पासिंग झालं! पाच वर्षं. दिवे, ब्रेक, टायरचं माप, सगळं पाहिलं. आईने चाकाखाली नारळ फोडला.

२७ डिसेंबर, सम, जैसलमेर
पहाटे वाळू गार, घट्ट. दुपारी तीच पिठूळ. हवा ३० वरून १५ पीएसआयवर. टायर पसरतो, भार वाटला जातो. इथे थारचे रुंद टायर राजे. वेल्ह्यात ज्यांनी घात केला, तेच. जिप्सी हलकी, जेमतेम टनभर, लहान धोऱ्यांवर छान पळाली. मोठ्यावर निम्म्यात दम सुटला. सरळ रेषेत मागे घेतली. आडवी वळवली असती तर उलटली असती.

२८ डिसेंबर
डांबरी रस्त्याआधी हवा भरणं आलंच. पायपंपाने जीव गेला. कॉम्प्रेसर घ्यायचा.

२ जानेवारी, पुणे
तळ धुतला. बेअरिंगमध्ये वाळू. पाट्यांना पुन्हा ग्रीस.
दादाचा फोन. पावसाळ्यासाठी थारला सोळाच्या रिमवर अरुंद टायरचा संच ठेवावा का, विचारतोय. उद्या टायरवाल्याकडे दोघं जातोय. जुनं रिम मिळालं तर स्वस्तात होईल.