वाट पाहणाऱ्यांचे हात

नाताळाआधीच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभूच्या पुनरागमनावर हमखास उपदेश होतो. मंडळी मनापासून ‘आमेन’ म्हणते आणि बाहेर पडताच करंजीच्या सारणावर बोलू लागते. मला यात ढोंग कधी दिसले नाही. धास्ती वाटते ती सारे सोडून आभाळाकडे बघत बसणाऱ्यांची. विल्यम मिलरच्या हिशेबावर विसंबून अमेरिकेत हजारो माणसे २२ ऑक्टोबर १८४४ला ख्रिस्ताची वाट पाहत बसली. काहींनी शेतातले बटाटेही काढले नाहीत. थेस्सलनीकातही असे रिकामे बसणारे निघाले, तेव्हा काम नको तर जेवणही नको, असे पौलाने त्यांना बजावले. तो स्वतः तंबू करून पोट भरणारा!

अशा वाट पाहण्यापेक्षा मला केडगाव जवळचे वाटते. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या मुली आणल्या, आणि दौंडच्या अलीकडच्या त्या माळावर मुक्ती मिशन उभे राहिले. विहिरी खणल्या, मळा फुलला, माग चालू झाले. १९०५मध्ये तिथे आत्मिक जागृती झाली. मुली तासन्‌तास रडत प्रार्थना करीत. प्रभू आता दारातच उभा आहे असे वाटावे. तरी दळणकांडण कुणाला चुकले नसणार, शेकडो तोंडांना भाकरी लागतच होती.

देव दारी आला तर पुंडलिकाने त्याला वीट दिली, आईबापांची सेवा टाकली नाही. रमाबाई पुराणिकाची लेक. ही कथा त्यांच्या कानावरून गेलीच असेल.

हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी सोप्या मराठीत केलेले बायबल मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या मुलींनी छापले. एकेक खिळा उलट्या अक्षराचा, शाईने बोटे काळी. प्रभू लवकर येणार असे सांगणारी प्रकटीकरणाची शेवटची पाने जुळवतानाही कुणा मुलीला खणातला रेफ शोधावाच लागला असेल. मला आशेचे याहून खरे चित्र माहीत नाही.

एकुलती लेक मनोरमा १९२१मध्ये गेली. रमाबाईंनी काम खाली ठेवले नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, तेव्हा अनुवाद हातावेगळा झाला होता.

पुनरागमनाची तारीख विचारत फिरणाऱ्यांनी एकदा केडगावला जाऊन यावे. तिथले काम अजून चालू आहे.