कप डे आणि फुलांची भजी

मेलबर्नमध्ये नोव्हेंबरचा पहिला मंगळवार म्हणजे सार्वजनिक सुट्टी. कारण काय, तर घोड्यांची शर्यत! १८६१ पासून चालत आलेला मेलबर्न कप. अंतर ३२०० मीटर, खेळ सव्वातीन मिनिटांच्या आसपासचा, आणि त्यासाठी अख्ख्या शहराला रजा. ज्यांना घोड्यातलं ओ की ठो कळत नाही (उदाहरणार्थ मी), तेही हापिसात चिठ्ठ्या टाकून एकेक घोडा वाटून घेतात.

आपल्याकडे दिवाळीची लगबग असते तेव्हा इथे वसंत असतो, त्यामुळे हा मोसम जितका घोड्यांचा तितकाच फुलांचा. फ्लेमिंग्टनच्या रेसकोर्सवर गुलाबांचे ताटवेच्या ताटवे. शिवाय प्रत्येक दिवसाचं फूल ठरलेलं. डर्बीच्या शनिवारी कोटाला निळं कॉर्नफ्लॉवर (भज्यात घालतात ते कॉर्नफ्लोअर नव्हे!), कपच्या मंगळवारी पिवळा गुलाब, ओक्सच्या गुरुवारी गुलाबी. गंमत म्हणजे ही सगळी फुलं खाता येतात.

आणि इथली मंडळी खातातही. म्हणजे निदान ताटात तरी ठेवतात. कप डेच्या जेवणात सॅलडवर नॅस्टर्शियम, केकवर व्हायोला, सरबताच्या बर्फात बोराजचं निळं चांदणीसारखं फूल. बरेच जण ते हळूच ताटाच्या कडेला सारतात. मला याचं फार नवल वाटतं. कारण आपल्याकडे फूल ही सजावट नाही, भाजी आहे! शेवग्याची फुलं, केळफूल, भोपळ्याच्या फुलांची भजी... आजी हादग्याची फुलं निवडायची, मधला कडू दांडा काढायची आणि कांद्यावर परतून बेसन पेरायची. ताटाच्या कडेला सारायची सोयच नव्हती, कारण ताटात तेच असायचं.

त्यामुळे आपण या बाबतीत जरा वरचढ, असं वाटायला लागतं. पण खरी गोम इथेच आहे.

या दिवसांत इथल्या कुंपणांवर स्वीट पी फुललेला असतो. सतरा मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला, बी पेरायचं आणि वसंतात फुलं घ्यायची, ही इथली जुनी रीत. गुलाबी, पांढरी, जांभळी फुलं आणि मंद वास. आता या फुलाचा आकार नीट बघा. वर एक पसरट पाकळी, खाली होडीसारख्या मिटलेल्या दोन. हा तर आपला हादगाच की, फक्त लहान! शिवाय नावातच वाटाणा. वाटाण्याची फुलं खातातच, मग हे का नको?

तर नको! स्वीट पी विषारी आहे, विशेषतः त्याच्या बिया. हादगा, वाटाणा आणि स्वीट पी एकाच मोठ्या कुळातले, म्हणून चेहरे सारखे. पण स्वीट पीचं सख्खं नातं आहे लाखेशी. विदर्भातल्या वाचकांना लाखोळीची डाळ आणि तिच्याबद्दलची भीती वेगळी सांगायला नको.

म्हणजे आजीचं ज्ञान खोटं होतं का? अजिबात नाही. पण ते तिच्या परसातल्या झाडांबद्दल होतं, फुलांच्या आकाराबद्दल नव्हतं. ती 'असं दिसणारं फूल' खात नव्हती, 'त्या झाडाचं फूल' खात होती. आपण परदेशी येताना तिची चव बरोबर आणतो, नजर आणतो, पण झाड तिकडेच राहतं. आणि इथे जन्मलेली आपली पोरं 'बाबा, हे फूल खाऊ?' असं विचारतात, तेव्हा उत्तर चवीवरून देऊन भागत नाही.

म्हणून आमच्या घरी नियम सोपे आहेत. झाडाचं पूर्ण नाव माहीत नसेल तर तोंडात घालायचं नाही. फुलवाल्याकडचा गुच्छ खायचा नाही, कारण ती फुलं खाण्यासाठी वाढवलेली नसतात, त्यांच्यावर औषधं मारलेली असू शकतात. रस्त्याकडेची कण्हेर इथेही तितकीच विषारी. नवीन फूल पहिल्यांदा एखादंच खायचं, आणि परागाची ॲलर्जी असलेल्या पाहुण्यांना आधी विचारायचं.

एवढं पाळलं की मग मजाच मजा! नॅस्टर्शियमला मोहरी-मिऱ्यासारखा झणका असतो. काकडीच्या कोशिंबिरीत दही, दाण्याचं कूट, आणि वरून ही फुलं चिरून. शिजवू नका, झणका जातो. कॅलेंड्युलाच्या पाकळ्या कोमट तुपात सोडल्या की तूप पिवळंधमक होतं, ते साखरभातावर घाला. वास केशराचा नाही, रंग मात्र झकास. घरचा, फवारणी न केलेला गुलाब असेल तर पाकळीचं खालचं पांढरं टोक कापून टाका, ते कडवट असतं. बाकीची पाकळी श्रीखंडात.

आणि सगळ्यात भारी म्हणजे एल्डरफ्लॉवरची भजी. बारीक पांढऱ्या फुलांचा अख्खा तुरा देठाला धरून पातळसर बेसनात बुडवायचा आणि तेलात सोडायचा. मिनिटभरात कुरकुरीत. जाड देठ मात्र कापून टाकायचे. या झाडाचं फूल चालतं, पानं आणि देठ चालत नाहीत.

कपच्या दिवशी ही भजी तीनच्या आत तळून ठेवा. शर्यत तीन वाजता सुटते आणि तीन-पाचला कढईभोवती गर्दी होते. घोडा हरलेल्यांची जरा जास्तच!