लांबीखालची छिद्रं

माझ्या घरी दुसऱ्या महायुद्धातल्या घडणीची दोन लोखंडी हेल्मेटं आहेत. एक मी सहा वर्षं देव्हाऱ्यातल्या टाकासारखं जपलं. ते नौदलाचं नव्हतं. दुसरं एका रविवारी तारेच्या ब्रशने घासून लख्ख केलं. ते कदाचित होतं. हे ‘कदाचित’ माझ्याच हातची करणी आहे.

कोरीटच्या माणसाला समुद्राचं वेड का लागावं, हे घरच्यांना अजून उमगलेलं नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे पाऊस आणि बोअर, आणि डोळ्यांपुढे नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळणारी लाल मिरची. शाळेत असताना मुंबईला ‘विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका पाहिली, ती संग्रहालय होती त्या काळात. परतीच्या गाडीत सुरत येईपर्यंत मी गप्प होतो, एवढं आठवतं. 2014 मध्ये ती मुंबईच्या दारूखाना भागात तोडायला काढली. तेव्हापासून ‘विक्रांतचं लोखंड’ म्हणून जेवढा माल विकला गेला असेल, त्यात आणखी दोन विक्रांत उभ्या राहिल्या असत्या. हे आज हसून सांगतो. तेव्हा गिऱ्हाइकांत मीही होतो.

पहिलं हेल्मेट मुंबईतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळालं. पालथ्या थाळ्यासारखं, ब्रिटिश घडणीचं, राखाडी रंगाचं, आणि पुढे पांढऱ्या अक्षरांत ‘एच.एम.आय.एस. तलवार’. दुकानदार म्हणाला, “सेठ, बंडातलं आहे. ‘तलवार’ जहाजाच्या तोफेवरच्या माणसाचं.” मी त्याला सेठ वाटलो, तिथेच निम्मा सौदा झाला. उरलेला निम्मा माझ्या अर्धवट ज्ञानाने केला. ‘आय.एन.एस.’ ही अक्षरं 26 जानेवारी 1950 नंतरची, हे मला ठाऊक होतं. खोटं असतं तर याने ‘आय.एन.एस.’ लिहिलं असतं, असं मनाशी म्हटलं आणि पैसे मोजले.

पुढचं सांगायला जड जातं. 9 सप्टेंबरला आमच्याकडे शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांचं स्मरण होतं. 1942 साली याच दिवशी नंदुरबारला ही शाळकरी मुलं पोलिसांच्या गोळीबारात गेली. एका शाळेने मला बोलावलं. मी हेल्मेट घेऊन गेलो आणि 18 फेब्रुवारी 1946 च्या नौदलातल्या बंडाची गोष्ट सांगितली: ‘तलवार’वरच्या खलाशांनी निकृष्ट जेवणावरून काम बंद केलं, आणि ते लोण बघता बघता मुंबईतल्या जहाजांवर, कराचीपर्यंत गेलं. एवढं खरं होतं. मग हेल्मेट उंच धरून म्हणालो, “हे तिथे होतं.” मुलांनी रांग लावून त्याला हात लावला. असं मी तीन वर्षं केलं.

दुसरं हेल्मेट भंगारातून आलं, किलोच्या भावात. त्याच्यावर राखाडी रंगाचे थरावर थर होते, कुठे फोड आलेले, कुठे पोपडे सुटलेले, काठाशी एक अर्धवट पुसलेलं अक्षर. मला ते घाणेरडं वाटलं. अंगणात बसून घासलं, काच पेपर मारला, रेड ऑक्साइडचा हात दिला आणि वर बाजारातला राखाडी ऑइल पेंट. वाळल्यावर पहिल्याशेजारी ठेवलं. जोडी छान दिसत होती.

मत एका रात्रीत बदललं नाही. आधी शंका आली ती पोलादावरून. ब्रिटिशांचं हे पसरट हेल्मेट जॉन ब्रॉडी याने 1915 मध्ये काढलं. लढणाऱ्या सैनिकांसाठी ते रॉबर्ट हॅडफिल्डच्या मँगनीज पोलादाचं करू लागले. हॅडफिल्डचा हा शोध 1882 चा, आणि या पोलादाची गंमत अशी की लोहचुंबक त्याला धरत नाही, धरलंच तर नाममात्र. हे वाचल्यावर घरातला जुना स्पीकर फोडून चुंबक काढला. माझ्या ‘तलवार’ला तो असा चिकटला की ओढून काढावा लागला. तरी मी दोन महिने स्वतःची समजूत घालत होतो, रंगामुळे असेल म्हणून. रंगामुळे चुंबक चिकटतो, असं म्हणणारा माणूस विज्ञानाचा पदवीधर होता, हेही लिहून ठेवतो.

शेवटी काठावर नख फिरवलं. रंगाखाली तीन ठिकाणी बोट अडखळलं. तिथे लांबी भरली होती. गॅरेजवाले पोचा बुजवायला भरतात तीच. टोकदार हत्याराने उकरली तर तीन छिद्रं. ब्रिटनमध्ये लष्करी कसोटीला न उतरलेल्या हेल्मेटांच्या काठाला अशी छिद्रं पाडत आणि ती हवाई हल्ल्यापासून बचाव करणाऱ्या नागरी पथकांना देत. म्हणजे माझं हेल्मेट युद्धकाळातलंच होतं, प्रामाणिक होतं. खोटी होती ती अक्षरं आणि लांबी. आणि ‘तलवार’ हे जहाजच नव्हतं! कुलाब्यातलं संदेशवहन शिकवणारं, जमिनीवरचं केंद्र होतं ते. 1946 ची गोष्ट तीन वर्षं मुलांना सांगणाऱ्या मला एवढं तपासावंसं वाटलं नाही.

मग चुंबक दुसऱ्याला लावला. सटकून खाली पडला. हनुवटीचा पट्टा अडकवायच्या कडीवर कारखान्याची खूण आणि 1941 हे साल उमटवलेलं सापडलं. ठशाचं होतं म्हणून माझ्या ब्रशमधून वाचलं. पण चुंबकाने कळतं ते पोलाद. हेल्मेट कुठे नोकरीला होतं, हे त्याला सांगता येत नाही. नौदलाच्या हेल्मेटाचा घाट वेगळा नव्हता, पायदळाचंच कवच राखाडी रंगवून वापरत. खाकीवर राखाडी चढवून किंमत वाढवणं म्हणूनच सोपं. ओळखायचं ते रंगाच्या थरांवरून: जहाजावर सतत खरवडणं आणि रंगवणं चाललेलं असतं, त्याने जाड झालेला लेप, खाऱ्या हवेने रंगाखालून फुगलेला गंज, पुसट अक्षरं. हे सगळं मी अंगणात झाडून उकिरड्यावर टाकलं होतं. ज्याने पहिल्यावर लांबी भरली त्याला मी फसवणारा म्हणतो. त्याने निदान छिद्रं शाबूत ठेवली होती.

गेल्या 9 सप्टेंबरला त्याच शाळेत गेलो आणि मुलांना हे सांगितलं. एकाने विचारलं, “मग दादा, ही टोपी कोनी होती?” मी म्हटलं, “माहीत नाही रे.” शिक्षक जरा नाराज झाले, बंडाची गोष्ट जास्त रंगत होती, असं त्यांचं म्हणणं.

आता मी विकत घेत नाही. पहिल्यावरची अक्षरं तशीच ठेवली आहेत, शेजारी कागद आहे: ‘नागरी बचाव पथकाचं. अक्षरं मागाहून लिहिलेली.’ दुसऱ्यापुढच्या कागदावर लिहिलं आहे: ‘1941. रंग माझा.’

तुमच्या गोठ्यात, माळ्यावर असं एखादं हेल्मेट असेल, कोंबड्यांच्या पाण्याला लावलं असेल, तर खुशाल राहू द्या. फक्त घासू नका.