ब्रेकवर उतरलेलं तेल

"ब्रेक ऑइल गळतंय." मामूंच्या गॅरेजवर येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात फसवी. कारण आमच्या तासगावकडे द्राक्षबागेत चालणाऱ्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरांपैकी बऱ्याच जणांना ब्रेक ऑइल नसतंच. पेडलपासून मागच्या चाकापर्यंत नुसती सळई आणि लिव्हर. चाकाच्या आतल्या बाजूला जे ओघळ दिसतात ते गिअरचं तेल. ब्रेकशी त्याचा काही संबंध नको, पण सील गेलं की संबंध येतो.

चाकाकडे जाणारा शाफ्ट गिअरच्या घरातून बाहेर येतो, तिथं रबराची एक रिंग बसवलेली असते. तिला ऑइल सील म्हणतात. तिच्या आतल्या ओठाला मागून बारीक गोल स्प्रिंगचा वेढा असतो. तो ओठ फिरत्या शाफ्टवर घट्ट टेकून राहतो आणि तेल आत अडवतो. पलीकडे ड्रम आणि ब्रेकचे शू. शूवरचं लायनर कोरडंच हवं. त्यावर तेल आलं की पेडल नेहमीसारखं दबतं, पण चाक धरत नाही.

ट्रॅक्टरच्या बाबतीत हे जास्त वाईट, कारण उजव्या पायाखाली दोन पेडल असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. ओळीच्या शेवटी वळताना ड्रायव्हर एकच पेडल दाबतो आणि ट्रॅक्टर जागेवर फिरतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खिटीनं जोडून चालवायचे असतात. आता एका बाजूच्या लायनरवर तेल आहे असं समजा. दोन्ही पेडल एकदम दाबले तरी एकच चाक धरणार, आणि ट्रॅक्टर त्या अंगाला ओढला जाणार. मागं ट्रॉली, ट्रॉलीत कामाला निघालेल्या बायका. ट्रॉलीत माणसं बसवू नयेत हे सगळ्यांना माहीत आहे, आणि सकाळी कुठल्याही रस्त्यावर उभं राहा, बसलेली दिसतील.

गेल्या सप्टेंबरात एक बागायतदार असाच ट्रॅक्टर घेऊन आले. ऑक्टोबर छाटणी तोंडावर. एकदा छाटणी झाली की फवारण्यांचा धडाका लागतो, मग ट्रॅक्टर एक दिवस उभा करायचा म्हटलं तरी मालकाचा जीव वर-खाली होतो. ते उतरता उतरताच म्हणाले, "मिस्त्री, गेल्या साली दुसरीकडं सील टाकलं हुतं. परत गळाय लागलं. डुप्लिकेट निघालं बघा. आता तेवढं चांगलं सील टाका न् मोकळं करा."

मामू म्हणाले, "सीलला कशाला शिव्या देताय, मालक? ते गेलं कशानं, ते आधी बघू."

जॅक लावून, खाली लाकडी ठोकळे देऊन चाक काढायच्या आधी मामूंनी गिअरच्या घराच्या वरचा एक बोल्ट पुसला. टोपीसारखा छोटा बोल्ट, त्याला बारीक भोक. हा ब्रीदर. कामात तेल तापतं, आतली हवा फुगते, ती इथून बाहेर पडते. या ट्रॅक्टरच्या ब्रीदरवर बोर्डोचा निळसर थर आणि त्यावर मातीचा लेप बसून भोक पार बुजलं होतं. ब्लोअरनं फवारताना औषधाचा धुरळा मागच्या भागावर बसतो, तो कोण पुसतो? हवा कोंडली की तेलाला रेटते, आणि तेल सगळ्यात नाजूक जागेतून बाहेर येतं. सील कितीही चांगल्या कंपनीचं टाका, ते त्या जागी नाजूकच असणार.

दुसरं कारण चाक, ड्रम आणि जुनं सील काढल्यावर सापडलं. शाफ्टवर, जिथं सीलचा ओठ टेकतो, तिथं गोल चर पडली होती. नखाला लागेल एवढी. मामूंनी माझं बोट धरून त्यावरून फिरवलं. अशा चरीवर नवं सील त्याच जागी बसवलं तर पहिल्या दिवसापासून झिरपतं. कधी सील मिलिमीटर-दीड मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो, कधी शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवावी लागते. इथं पहिल्या उपायावर भागलं. बेअरिंगमध्ये खेळ आहे का तेही पाहिलं. शाफ्ट हलत असेल तर सील टिकत नाही. तो नव्हता.

सील बसवणं त्या मानानं सोपं. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, ओठाला ग्रीस, आणि त्याच मापाच्या पाइपाच्या तुकड्यानं चहूबाजूंनी सारखं ठोकत आत. एका अंगाला हातोडी मारली की सील वाकडं बसतं.

खरा वाद लायनरवरून झाला. मालकांचं म्हणणं, पेट्रोलनं धुवा, थोडं जाळा, चालतंय. बऱ्याच गॅरेजांत हे करतातही. पण लायनरनं प्यायलेलं तेल वरून धुऊन जात नाही; ड्रम तापला की ते परत वर येतं. मामूंनी नवे शू सांगितले, आणि दोन्ही चाकांचे. मालक चिडले. "डावीकडं तर तेल नाही!"

"नाही. पण एकीकडं नवं आणि दुसरीकडं झिजलेलं ठेवलं, तर ओढणारच की."

मामू पाच वक्ताचे नमाजी, पण दुकानात वाझ करत नाहीत. कुरआनात मापात मारणाऱ्यांबद्दल एक सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. तिच्यावर मी जुम्म्याची बयानं बरीच ऐकलीत. सगळ्यांत तराजू असतो, दूधवाला असतो, किराणावाला असतो. मिस्त्री कधीच नसतो. नुसतं सील बदलून दरवर्षी तेच गिऱ्हाईक परत येऊ देणं हे मापात पाप नाही तर काय?

आमच्यात एखादं पोरगं दहावीला गटांगळ्या खाऊ लागलं की "गॅरेजवर टाका" म्हणतात. बाहेरचेही मुसलमान म्हटलं की पान्हाच डोळ्यांपुढे आणतात. दोघांनाही हे काम डोक्याचं वाटत नाही, याचा मला राग येतो. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा कोर्स आहे. मामूंच्या हाताखालच्या पोरानं तो करावा म्हणून मी मागे लागलोय. त्या दिवशी तो ड्रममधली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायला निघाला होता. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, तो फुप्फुसात बसतो. मामूंनी कॉम्प्रेसर बंद करून ओलं फडकं त्याच्या हातात दिलं.

असरच्या अजानपर्यंत सगळं जोडून झालं. घरातलं तेल काठीच्या खुणेपर्यंतच भरलं. गळतंय म्हणून जास्त ओतायची सवय असते, तीही सीलच्या मुळावर येते. मग मामूंनी मालकांनाच सीटवर बसवलं, खिटी अडकवायला लावली आणि गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत हळूहळू नेऊन ब्रेक मारायला सांगितला. मातीत चाकांचे दोन पट्टे उमटले. मामूंनी पावलांनी मोजले. उजवा वीतभर जास्त होता. त्यांनी परत पान्हा घेतला, सळईचा नट थोडा फिरवला, आणि मालकांना म्हणाले, "पुन्हा एकदा."