बीचवर्थचें घर

आमचे चिरंजीव ऑस्ट्रेलियांत व्हिक्टोरिया प्रांतांतील बीचवर्थ गांवीं असतात. मेलबर्नपासून ईशान्येस सुमारें २८० किलोमीटरांवर, डोंगराळ मुलखांत हें गांव आहे. २०१९ च्या डिसेंबरांत आम्ही उभयतां तेथें गेलों. 'जुनें घर घेतलें आहे' एवढेंच त्यांनीं कळविलें होतें. त्यावरून आम्हीं मनांत दगडी वाडा उभारला. पाहतों तों लांकडी फळ्यांच्या भिंती, वर पन्हळी पत्रा, आणि सारें घर बुटक्या खुंटांवर! आमच्याकडे असें छप्पर गोठ्यास घालतात.

परंतु चार दिवसांत मत बदललें. छपरावरचें पाणी पन्हळींतून टांकींत जातें, थेंब वायां जात नाहीं. बैठकीची खोली उत्तरेकडे. कारण तिकडे माध्यान्हीं सूर्य उत्तरेस असतो व हिंवाळ्यांत त्याच बाजूनें ऊन आंत येतें. संध्येस पूर्वाभिमुख बसलें कीं सूर्य उजवीकडे न कलतां डाव्या हातास चढूं लागे. जन्मभर उत्तरायण शिकविलें, पण तेथें चुकल्यासारखेंच होई. ओटीवर बसावें, तर पांढरे काकाकुवे असा कल्ला करीत कीं शाळेची मधली सुट्टी आठवावी.

१८५२ सालीं येथें सोनें सांपडलें व गांव वसलें. नेड केली या प्रसिद्ध दरवडेखोराची प्राथमिक चौकशी १८८० मध्यें येथील कचेरींत झाली. तिकडील लोकांस त्याचें मोठें कौतुक, आम्हांस तितकेंसें वाटलें नाहीं. त्याहून बर्क या गृहस्थाची कथा आम्हांस भावली. तो येथें पोलिसांचा अधिकारी होता. १८६० सालीं खंड ओलांडण्यास निघाला आणि १८६१ मध्यें परतीच्या वाटेवर अन्नावांचून मेला. त्याच्या मोहिमेचे उंट हिंदुस्थानांतून, कराची बंदरांतून गेले होते. आणि कराची तेव्हां आपल्या मुंबई इलाख्यांत!

घरासमोर निलगिरीचीं जुनीं झाडें आहेत. चिरंजीव दर रविवारीं शिडी लावून पन्हळींतील वाळकीं पानें काढीत. "एवढी काळजी कशाला रे?" असें आम्हीं विचारलें, तेव्हां त्यांनीं ७ फेब्रुवारी २००९ ची हकीकत सांगितली. त्या दिवशीं विजेची तार पडून गांवाजवळ वणवा पेटला व दोन माणसें मेलीं. प्रांतभरच्या वणव्यांत १७३. पन्हळींतील पानांवर एक ठिणगी पडली कीं पुरे. पुढल्या रविवारीं शिडी आम्हीं धरली.

जानेवारींत पूर्वेकडील वणव्यांचा धूर गांवावर आला. सूर्य तांब्याच्या ताम्हनासारखा दिसे. सूनबाईंनीं दाराशीं एक पिशवी भरून ठेवली: कागदपत्रें, औषधें, पाण्याच्या बाटल्या.

"आणि घर?" आम्हीं विचारलें.

"घराचा विमा उतरविला आहे, अण्णा. सांगितलें कीं लगेच निघायचें. मागें वळायचें नाहीं."

आम्ही कांहीं बोललों नाहीं. खरें सांगावयाचें तर, त्यास परत स्वदेशीं चल म्हणावें, हा बेत मनांत धरूनच आम्ही गेलों होतों. पण त्या पिशवीपुढें तो विषय काढवेना. सौ. मात्र उठल्या व बाळकृष्ण रेशमी फडक्यांत गुंडाळून पिशवींत ठेवूं लागल्या.

"आई, आतांच कशाला?" चिरंजीव म्हणाले.

"घाईंत राहून जायचे."

निघण्याची वेळ आली नाहीं. परंतु आम्ही परत येईपर्यंत बाळकृष्णांचा मुक्काम पिशवींतच होता, सौ. रोज सकाळीं त्यांस बाहेर काढीत, स्नान घालीत, नैवेद्य दाखवीत आणि पुन्हां आंत ठेवीत.